यंत्र ऐकतं कुणाचं?

फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. आकाशपाळणे, मिठाईची दुकानं, चादरी घेऊन येणारी माणसं आणि खेळण्यांच्या दुकानांची लांबच लांब रांग. लहानपणी एका उरुसात मी आणि माझ्या चुलतभावानं एकाच दुकानातून रिमोटवर चालणाऱ्या दोन मोटारी घेतल्या. त्याची लाल, माझी निळी. घरी येऊन ओसरीवर सोडल्या. मी कळ दाबली आणि दोन्ही निघाल्या. त्यानं मागे घ्यायची कळ दाबली, तर दोन्ही जागच्या जागी थरथरायला लागल्या. थोड्या वेळानं भांडण इतकं पेटलं, की आजीनं दोन्ही रिमोट उचलून फडताळात ठेवून दिले.

मोटारींत काही बिघाड नव्हता. असल्या खेळण्यांना २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा अगदी चिंचोळा पट्टा वापरायला मिळत असे आणि एका साच्यातल्या सगळ्या मोटारी बहुधा एकाच फ्रिक्वेन्सीवर कान लावून असायच्या. आपला कोण आणि परका कोण हे त्यांना कळतच नव्हतं. जी लहर आली, तिचं ऐकायचं.

ओसरीवर ही गोष्ट भांडणापुरती असते. तुरीच्या शेतावर पंचवीस किलोचं यंत्र दहा लिटर औषध घेऊन सहा-आठ पात्यांवर तरंगत असतं आणि धुऱ्यावर माणसं उभी असतात, तेव्हा हाच प्रश्न जिवावरचा होतो. यंत्र ऐकतं कुणाचं? आणि ज्याचं ऐकायचं त्याचा आवाजच बंद झाला, तर ते काय करतं? आज आपल्या जिल्ह्यात फवारणीचे ड्रोन उडतात ते या प्रश्नाला एक उत्तर सापडलं म्हणून. ते सापडायला शतकाहून अधिक काळ गेला.

सुरुवात पाण्यावर झाली. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या वीज-प्रदर्शनात निकोला टेस्लानं एका हौदात छोटी लोखंडी होडी सोडली. दोरी नाही, तार नाही. दूर उभं राहून तो ती वळवायचा, थांबवायचा, तिचे दिवे उघडझाप करायचा. त्याच दशकात कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी भिंतींच्या पलीकडे अदृश्य लहर पाठवून घंटा वाजवली होती. म्हणजे हवेतून हुकूम धाडता येतो, हे जगाला नुकतंच कळू लागलं होतं. होडीचं पेटंट टेस्लाला ८ नोव्हेंबर १८९८ रोजी मिळालं, क्रमांक ६,१३,८०९.

टेस्लाचा मोठेपणा मला होडीपेक्षा त्याच्या पुढच्या काळजीत दिसतो. एका लहरीवर चालणारी होडी दुसरा कुणीही चालवू शकेल, हे त्याला लगेच उमगलं. १९०० साली त्यानं असा अर्ज केला, की यंत्रानं एकाच लहरीला भुलू नये. दोन किंवा अधिक वेगवेगळ्या लहरी ठरल्याप्रमाणे आल्या तरच हालावं. आकड्यांच्या कुलपासारखं. त्याची ही पेटंटं १९०३ मध्ये मंजूर झाली. आमच्या ओसरीवरच्या भांडणाचं उत्तर कागदावर तेव्हाच उतरलं होतं. ते प्रत्यक्षात आणणारे सुटे भाग मात्र अजून जन्माला यायचे होते.

तोवर नियंत्रणाचा खरा भरवसा तारेचाच. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई विभागात ज्यांनी एरोमॉडेलिंग केलं, त्यांना 'कंट्रोल लाइन' आठवेल. मधोमध मुलगा उभा, हातात मूठ, मुठीपासून विमानापर्यंत दोन बारीक तारा, आणि भुंग्यासारखं गुणगुणत विमान त्याच्याभोवती गोल फिरतंय. ते फक्त त्या मुठीचं ऐकतं, तिथे दुसऱ्या कुणाला शिरकावच नाही. पण वर्तुळाबाहेर जाता येत नाही. तार तोडून मोकळं उडायचं, तर लहरीच्या हवाली व्हावं लागतं. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस हे करून दाखवलं. त्यांचं 'गफ' नावाचं आठ फुटी पंखांचं विमान रेडिओच्या हुकमावर वळायचं. आज ते स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मग युद्ध आलं.

परभणीच्या माणसाला 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण पाळण्यातच ऐकू येते. तिच्यातली जर्मनी या गोष्टीत खरोखर येते, आणि ती येते बॉम्ब घेऊन. जर्मनांनी विमानातून सोडल्यावर रेडिओनं वळवता येणारे दोन बॉम्ब बनवले, 'फ्रिट्झ एक्स' आणि 'हेन्शेल २९३'. विमानातल्या प्रेषकाचं नाव केल आणि बॉम्बमधल्या ग्राहकाचं स्ट्रासबुर्ग. ऱ्हाइन नदीच्या दोन काठांवरची, एकमेकांकडे बघणारी ही दोन गावं. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शरणागती पत्करली. इटलीची 'रोमा' ही प्रचंड युद्धनौका जर्मनांना गुंगारा देऊन निघाली होती. ९ तारखेला तिच्यावर दोन फ्रिट्झ एक्स अचूक येऊन आदळले. नौका दुभंगून बुडाली आणि तेराशेच्या आसपास खलाशी गेले.

बॉम्ब अचूक होता, पण त्याचा कान उघडा होता. या यंत्रणेला ४८ ते ५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान अठरा चॅनल होते. उड्डाणाआधी त्यांतलं एक ठरायचं आणि मग बदलत नसे. दोस्त राष्ट्रांनी आधी नुसतं ऐकलं, कुठल्या पट्ट्यात कुजबुज चालते ते शोधलं, आणि मग त्याच पट्ट्यात मोठ्यानं गोंगाट करणारी यंत्रं आपल्या जहाजांवर बसवली. पुढच्याच वर्षी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरेपर्यंत या बॉम्बची दहशत बरीच ओसरली होती. जर्मनांनी उपाय म्हणून हेन्शेलची तारेवर चालणारी आवृत्तीही तयार केली, म्हणजे फिरून कंट्रोल लाइनच.

'रोमा' बुडण्याच्या तीन वर्षं आधी, १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री, अटलांटिकमध्ये 'सिटी ऑफ बनारस' नावाचं प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोनं बुडालं होतं. १७ सप्टेंबर ही तारीख मराठवाड्यात आपण पुढे वेगळ्या अर्थानं, मुक्तिसंग्राम दिन म्हणून, उराशी धरली, म्हणून तिच्यापाशी मी थबकतो. जहाजाला नाव काशीचं. खलाशांत हिंदुस्थानी माणसं मोठ्या संख्येनं. आणि बॉम्बवर्षावातून वाचवण्यासाठी इंग्लंडहून कॅनडाला पाठवलेली नव्वद मुलं. त्यांतली सत्त्याहत्तर गेली.

त्याच वर्षी हॉलिवूडमध्ये दोन अनपेक्षित माणसं टॉर्पेडोचा विचार करत होती. एक होती हेडी लमार, व्हिएन्नात जन्मलेली आणि पडद्यावर सौंदर्यासाठी गाजलेली नटी. तिचा पहिला नवरा ऑस्ट्रियातला शस्त्रास्त्रांचा कारखानदार. त्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर शस्त्रांच्या गोष्टी तिच्या कानावर पडलेल्या. दुसरा जॉर्ज अँथाइल, संगीतकार. अनेक यांत्रिक पियानो एकाच वेळी वाजवण्याचा ध्यास घेतलेला माणूस. यांत्रिक पियानोत भोकं पाडलेली कागदी पट्टी फिरते आणि भोकांप्रमाणे पट्ट्या वाजतात. दोघांनी विचार केला, की तशीच एक पट्टी जहाजात आणि अगदी तशीच दुसरी टॉर्पेडोत बसवली, दोन्ही एका क्षणी सुरू केल्या, आणि प्रत्येक भोकासरशी दोघांनी मिळून फ्रिक्वेन्सी बदलली तर? शत्रूनं एक जागा गाठून गोंगाट करेपर्यंत हुकूम दुसऱ्या जागी गेलेला असेल. पियानोला ८८ पट्ट्या असतात, यांनीही ८८ फ्रिक्वेन्सी धरल्या. पेटंट मिळालं ११ ऑगस्ट १९४२ रोजी, क्रमांक २२,९२,३८७. मुंबईत 'चले जाव'ची हाक देऊन पुढारी गजाआड गेल्याला दोनच दिवस झाले होते.

अमेरिकी नौदलानं ती कल्पना तेव्हा वापरली नाही. १९५९ मध्ये पेटंटची मुदत संपली, दोघांना त्यातून पैसा मिळाला नाही, आणि हेडीला पहिली मोठी दाद मिळाली ती १९९७ मध्ये, मरणाआधी तीनच वर्षं. आजकाल 'वायफाय हेडी लमारनं शोधलं' असं सर्रास लिहिलं जातं, ते मला पटत नाही. फ्रिक्वेन्सी बदलत राहण्याचा उल्लेख झेनेक या जर्मन शास्त्रज्ञाच्या १९०८ च्या पुस्तकातही आहे. पण दूरच्या यंत्राला हुकूम देण्यासाठी, दोन्ही टोकांना एकच यादी ठेवून एकत्र उड्या मारायच्या, हे चित्र त्या दोघांनी स्वच्छ मांडलं. त्यांचं तेवढं श्रेय पुरेसं मोठं आहे.

ही उडी म्हणजे काय, हे मी गावाकडे सांगतो तेव्हा आठवडी बाजाराचं उदाहरण देतो. बांगड्या विकणारा कासार एका गावात बसून राहत नाही. सोमवारी एका गावचा बाजार, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. त्याच्या गिऱ्हाइकाला वार पाठ असतात. एखाद्या गावात दंगा झाला, रस्ता बंद पडला, तर त्याचा एक वार बुडतो, धंदा बुडत नाही. त्याला अडवायचंच ठरवलं तर सगळ्या गावांच्या वेशी एकदम अडवाव्या लागतील, नाहीतर त्याच्या वारांची यादी चोरावी लागेल. फ्रिक्वेन्सी हॉपिंगमध्ये कासार म्हणजे रिमोट, गिऱ्हाईक म्हणजे विमानातला रिसीव्हर, आणि वार बदलतो सेकंदाला कित्येक वेळा. आपल्या कानातले ब्लूटूथचे इयरफोन ७९ पर्यंत चॅनलांवर सेकंदाला १६०० पर्यंत उड्या मारतात. परभणीच्या बसस्थानकावर गाणी ऐकत उभ्या असलेल्या प्रत्येक पोराच्या कानात हे चाललेलं असतं.

हौशी विमानवाल्यांपर्यंत मात्र ही उडी फार उशिरा पोचली. मधली चाळीस-पन्नास वर्षं चिमट्यांची गेली. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झ, युरोपात ३५, आणखी कुठे ४०. प्रत्येक रिमोटात एक स्फटिक, तशाच जोडीचा दुसरा विमानात. तो बदलल्याशिवाय चॅनल बदलत नाही. रिमोटची एरियल ओढून लांबलचक व्हायची आणि विमानातून मीटरभर वायर शेपटासारखी लोंबायची, कारण ७२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबीच चार मीटरहून जास्त. मैदानाच्या कडेला एक फळी, तिच्यावर चॅनलचे आकडे आणि प्रत्येक आकड्याला एक चिमटा, कपडे वाळत घालतो तसला. ज्याच्या हातात चिमटा त्यानंच रिमोट चालू करायचा. एखादा उशिरा आलेला माणूस फळी न बघता आपलं बटण दाबायचा, आणि वर उडणारं दुसऱ्याचं विमान त्याच क्षणी कुणाचंच ऐकेनासं होऊन जमिनीत नाक खुपसायचं. महिनोन् महिने बाल्सा लाकूड कापून, घासून, कागद चिकटवून केलेलं ते विमान. दोष द्यायला एक चिमटाच काय तो उरायचा.

याच काळात एका गोष्टीचा शोध लागला, आणि तिला मी हॉपिंगइतकंच महत्त्व देतो. आधीच्या साध्या रिसीव्हरमध्ये लहर बिघडली, की पंखाची पाळी वेडीवाकडी फडफडायची; उडवणाऱ्याला निदान कळायचं की काही चुकतंय. नंतर हुकूम आकड्यांत बांधून पाठवणारी पद्धत आली, तशी रिसीव्हरला खरा हुकूम आणि कचरा यांतला फरक कळू लागला. आता कचराच येत राहिला तर त्यानं काय करायचं? दोन पर्याय होते. शेवटचा चांगला हुकूम धरून ठेवायचा, त्याचं नाव 'होल्ड'. किंवा आधीच नेमून दिलेल्या स्थितीत जायचं, म्हणजे इंजिन बंद, पंख सरळ, हा 'फेलसेफ'. होल्डमध्ये विमान शेवटच्या आज्ञेवर निष्ठेनं उडत राहतं, कितीही वेळ, समोर काय आहे ते न बघता.

उड्यांसाठी दार उघडलं १९८५ मध्ये. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं त्या वर्षी मे महिन्यात काही पट्टे विनापरवाना वापरायला मोकळे केले. अट एकच, लहर एका जागी ठाण मांडून बसता कामा नये, तिनं पसरून किंवा उड्या मारत राहावं. त्यांतला एक पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. मायक्रोवेव्ह भट्टी जिथे गळते तो हा पट्टा, म्हणून कुणाला नको होता. भारतानं हाच पट्टा २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेनं परवान्यातून मुक्त केला. त्याच साली स्पेक्ट्रम या कंपनीनं विमानांसाठी २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट बाजारात आणला. चिमट्यांची फळी काही वर्षांतच भिंतीला टेकली. या पट्ट्यातल्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणून मीटरभर शेपटीच्या जागी तीन सेंटिमीटर उघडी तार पुरू लागली.

आणखी एक गोष्ट बदलली, 'बाइंड'. रिसीव्हर आणि रिमोट एकदा शेजारी ठेवून त्यांची ओळख करून द्यायची. त्यानंतर प्रत्येक हुकमासोबत रिमोटची खूण जाते. परक्याचा हुकूम कितीही जोरात आला तरी रिसीव्हर त्याकडे ढुंकून पाहत नाही. ओसरीवरचं भांडण तिथे मिटलं.

त्या पहिल्या रिमोटांत खऱ्या उड्या नव्हत्या. ते चालू होताना दोन मोकळे चॅनल शोधायचे आणि त्या दोघांवरच उडत राहायचे. शांत माळावर हे झकास चाले. मोठ्या मेळाव्यात शंभर रिमोट आणि वर लोकांचं वायफाय गोळा झालं, की दोन्ही निवडलेल्या जागा गजबजण्याची भीती असे. जपानच्या फुताबानं सुरुवातीपासून सतत उड्या मारणारी पद्धत घेतली, आणि पुढे स्पेक्ट्रमनंही २३ चॅनलांवर उडणारी नवी पद्धत आणली. उडीचा फायदा साध्या गणितात दिसतो. समजा, पट्ट्याचा पाव भाग शेजारच्या वायफायनं व्यापलाय. एका उडीत हुकूम हरवायची शक्यता चारात एक. सलग पाच हरवायची १,०२४ मध्ये एक, सलग दहा हरवायची दहा लाखांत एक. सेकंदाला पन्नास हुकूम जात असतील, तर दहा हरवले तरी सेकंदाचा पाचवा हिस्सा. हवेतल्या विमानाला तेवढं अंतर जाणवतही नाही. एकाच जागी बसलेल्या लहरीवर मात्र तोच पाव भाग नेमका येऊन बसला, तर सगळंच संपलं.

तरीही विमानं पडतच राहिली. लोक म्हणायचे, 'सिग्नल तुटला.' तपासून पाहिलं तर बऱ्याचदा लहर ठणठणीत असायची. विमानातल्या चार छोट्या मोटारींनी एकदम जोर लावला, की बॅटरीचा दाब क्षणभर खाली जायचा, रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, आणि सुरुवातीच्या रिसीव्हरना रिमोट पुन्हा शोधायला काही सेकंद लागायचे. त्या काही सेकंदांत जमीन येते. हॉपिंग गर्दीतून वाट काढतं, पण सैल प्लगवर आणि जुन्या बॅटरीवर त्याची मात्रा चालत नाही. हा धडा शौकीन स्वतःची शेकडो विमानं मोडून शिकले, आणि आजच्या शेतीच्या ड्रोनला तो आयता मिळाला आहे. त्यांचे उपकार मोठे आहेत.

आपल्याकडे ड्रोनला परवानगी मिळण्याची कथा वेगळी. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं एका सूचनेनं खासगी ड्रोनला मनाईच केली. बंदी चार वर्षं चालली. त्या चार वर्षांत, २०१७ च्या पावसाळ्यात, शेजारच्या विदर्भात यवतमाळला कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांनी जीव गमावला. छातीपर्यंत वाढलेली दाट पऱ्हाटी, त्यात घुसून पाठीवरच्या पंपानं फवारणं, उलटा वारा, तोंडाला नुसता रुमाल. परभणीच्या कपाशीतही फवारणी अशीच होत होती, आजही बऱ्याच शेतांत होते. माझ्या मते मराठवाड्यात ड्रोनची खरी गरज पटली ती यवतमाळच्या त्या बातम्यांनी. वेळ आणि पाणी वाचतं हे नंतरचं. औषध आणि माणूस यांच्यात अंतर पाडणं हे पहिलं.

डिसेंबर २०१८ पासून नियमांचं दार किलकिलं झालं. २०२० मध्ये टोळधाड आली तेव्हा केंद्र सरकारनं राजस्थानात टोळांवर ड्रोननं फवारणी केली. २५ ऑगस्ट २०२१ चे ड्रोन नियम आले. पंचवीस अर्जांचे पाच झाले, शुल्काचे बहात्तर प्रकार चारवर आले. डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोनच्या फवारणीची कार्यपद्धती ठरली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पंधरा हजार बचत गटांना ड्रोन देण्याची 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर झाली.

परभणीत याचं केंद्र अर्थातच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. १८ मे १९७२ ला स्थापन झालेलं हे विद्यापीठ आपल्याला ज्वारीच्या 'परभणी मोती'मुळे, सोयाबीनच्या वाणांमुळे घरचं वाटतं. तिथे राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पात, जागतिक बँक आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अर्थसाहाय्यानं, यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनांच्या डिजिटल शेतीचं केंद्र उभं राहिलं. ज्या आवारात बैलजोडीच्या अवजारांवर संशोधन झालं, तिथे मुलं आता फिरत्या पात्यांची यंत्रं उघडून बसतात. मला त्याचा अभिमान वाटतो.

शेतात आलं, की लहरीचा सामना शहराहून वेगळ्या गोष्टींशी पडतो. इथे वायफायची गर्दी नाही. इथे आडवं येतं ते पाणी. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात मुरते, आणि उभं पीक म्हणजे उभं पाणीच. भरल्या टाकीच्या आड अँटेना गेली तरी तेच. शिवाय लहर सुतासारखी सरळ रेषेत जाते, हे अर्धंच खरं. रिमोट आणि ड्रोन यांच्यात तिला मध्ये फुगलेल्या, काकडीच्या आकाराची जागा मोकळी लागते. अंतर पाचशे मीटर असेल, तर मधोमध या काकडीची अर्धी जाडी चार मीटर भरते. फवारणीचा ड्रोन पिकाच्या दोन-तीन मीटर वरूनच उडतो आणि रिमोट माणसाच्या छातीशी असतो. म्हणजे काकडीचा खालचा भाग पिकात बुडालेलाच. गोदाकाठच्या उसात तर विचारूच नका. उडवणारा बैलगाडीवर किंवा विहिरीच्या कठड्यावर चढून उभा राहतो, तो दिसावं म्हणून, आणि लहरीला वाट मिळावी म्हणूनही.

आणि एवढं करूनही संपर्क तुटला तर? मग फेलसेफ. पंप बंद, ठरलेल्या उंचीवर चढायचं, जिथून उडालो तिथे उपग्रहांच्या मदतीनं परत यायचं. आर्डुपायलट या जगभर वापरल्या जाणाऱ्या उड्डाण-प्रणालीत परतीची ही उंची मुळात पंधरा मीटर ठेवलेली असते. आपल्याकडचं जुनं चिंचेचं झाड पंधरा मीटरच्या वर सहज जातं. शेतात पाय ठेवल्यावर सगळ्यांत उंच झाड बघून हा आकडा बदलायचा असतो. त्याहून घातक चूक म्हणजे रिसीव्हर 'होल्ड'वर राहून गेलेला असणं. तेव्हा रिमोट मेलेला असतो आणि ड्रोनच्या मेंदूला वाटत असतं की मालक अजून बोलतोय. मी असा एक ड्रोन तुरीवरून पलीकडच्या शिवारात शांतपणे जाताना पाहिला आहे. कुणाला लागलं नाही. पण तो ज्या शांतपणे गेला, ते विसरता येत नाही.

युक्रेनच्या युद्धात आता गोंगाट करणारी यंत्रं इतकी बलवान झाली आहेत, की सगळ्या गावांच्या वेशी एकदम अडवल्या जातात. म्हणून २०२४ पासून तिथे केसासारखी काचेची तार मागे सोडत जाणारे ड्रोन उडू लागले. एनसीसीचा तो मुलगा, त्याची मूठ, त्या दोन तारा. आता तारेची लांबी दहा-वीस किलोमीटर. आपल्या शेतावर तशी वेळ नाही. इथे उड्या पुरतात, ज्याच्या हातात रिमोट आहे त्यानं बाकीचं सांभाळलं तर.

गेल्या पावसाळ्यात पाथरीच्या बाजूला एका आखाड्यावर गेलो होतो. बचत गटातली एक ताई फवारणीला आली होती. टाकीत आधी नुसतं पाणी भरलं. प्लग एकेक करून ओढून पाहिले. मग बांधावरच्या लिंबाकडे आणि त्यामागच्या चिंचेकडे बघत तिनं मोबाइलवर एक आकडा बदलला, पंधराचा पंचवीस. ड्रोन पाच-सहा मीटर वर नेला, थोडा लांब नेऊन उभा केला, आम्हाला सगळ्यांना मागे सरकवलं, आणि रिमोटचं बटण दाबून तो सरळ बंद केला.

दोन क्षण ड्रोन जागचा हलला नाही. मग पंपाचा आवाज थांबला. पाती जोरात घुमली, तो वर चढला, चिंचेच्या शेंड्याच्याही वर गेला, वळला, आणि आमच्या समोरच्या ताडपत्रीवर येऊन टेकला.

आखाड्याचे मालक म्हातारे होते. त्यांनी काठी टेकवत जवळ येऊन तिच्या हातातल्या बंद रिमोटकडे पाहिलं.

"रिमोट तं बंद केला तू, माय. मंग ह्यानं आयकलं कोणाचं?"

"माझंच की मामा," ती टाकीचं झाकण उघडत म्हणाली. "मघाशीच सांगून ठेवलं होतं."

मग तिनं हातमोजे घातले आणि औषधाची बाटली मागितली.